बाससाठी कोणता ल्यूर? आधी खोली, मग वेग, रंग सगळ्यांत शेवटी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: टेक्ससमधल्या डॅलसच्या उत्तरेला राहणं, शनिवार-रविवारी वस्तीजवळच्या तळ्यावर काठावरून गरवणं, अधूनमधून कयाक घेऊन लेक रे रॉबर्ट्स या मोठ्या जलाशयावर जाणं. मार्च-एप्रिलमध्ये लार्जमाउथ बास (गोड्या पाण्यातला मोठ्या तोंडाचा शिकारी मासा) बऱ्यापैकी लागले, जून संपता संपता सगळं थंडावलं. पेटीत चाळीसेक ल्यूर, म्हणजे नकली आमिषं, आहेत, निम्मे एकाच प्रकारचे पण वेगवेगळ्या रंगांचे. आता जुलैसाठी कोणता घ्यावा?

नवीन काही घेऊ नका. चाळीस ल्यूर म्हणजे गरजेपेक्षा तीसेक जास्तच झाले. पेटी रंगाप्रमाणे भरली आहे आणि मासा राहतो खोलीप्रमाणे, घोळ तिथे आहे. एप्रिलमध्ये काठालगत तीन फुटांत असलेला बास जुलैच्या दुपारी पंधरा फुटांवर उतरलेला असतो, नाहीतर गवताच्या दाट छपराखाली शिरलेला असतो. त्याच्या डोक्यावरून दहा फूट उंचीवरून क्रँकबेट (पुढे जीभ असलेला, ओढला की खोल जाणारा कडक ल्यूर) गेला, तर तो हिरवा होता की निळा हे विचारायला कोणी उरत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: खोली, वेग, आकार, रंग.

आधी पेटी पुन्हा लावा. एका कप्प्यात पाण्यावर चालणारे: पॉपर (खोलगट तोंडाने पाणी उडवणारा), वॉकिंग बेट (डावी-उजवीकडे नागमोडी चालणारा), बझबेट (पातं फिरवत येणारा), पोकळ बेडूक. दुसऱ्यात एक ते पाच-सहा फुटांतले: चौकोनी जिभेचा क्रँकबेट म्हणजे स्क्वेअरबिल, जर्कबेट (झटके देऊन चालवायचा लांबट ल्यूर), चॅटरबेट (पुढे थरथरणारं पातं असलेला). तिसऱ्यात लांब जिभेचे खोल जाणारे क्रँकबेट. चौथ्यात तळाशी काम करणारे: जिग (वजनदार डोक्याचा गळ), वर्म (रबरी गांडूळ), नेड रिगची (रिग म्हणजे गळ, वजन आणि रबर लावायची पद्धत) मशरूम हेड, म्हणजे अळंबीसारख्या डोक्याचा गळ. स्पिनरबेट (फिरत्या पात्यांचा) आणि बिनजिभेचा खुळखुळणारा लिपलेस क्रँकबेट कुठल्याच कप्प्यात नीट बसत नाहीत, कारण त्यांची खोली तुम्ही ठरवता. अर्ध्या औंसाचा लिपलेस ढिल्या दोरीवर साधारण सेकंदाला फूटभर बुडतो. खोली माहीत असलेल्या जागी एकदा मोजून घ्या; मग ‘सहा’ म्हणेपर्यंत सोडला की तो सहा फुटांच्या आसपास आहे हे कळतं.

खोक्यावर छापलेल्या खोलीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. तो आकडा लांब फेक आणि बारीक दोरी धरून असतो. तोच क्रँकबेट २० पाऊंड ताण सोसणाऱ्या जाड दोरीवर एक-दोन फूट वरच राहतो, आणि काठावरून आखूड फेक टाकली तर पूर्ण खोली गाठायच्या आत हातात येतो. क्रँकबेट निवडताना पाण्याच्या खोलीपेक्षा फूट-दोन फूट जास्त जाणारा निवडा. त्याची जीभ तळाला, दगडाला, बुडालेल्या फांदीला घासली पाहिजे. सरळ रेषेत पोहणारा ल्यूर बास नुसता बघत बसतो. तोच दगडाला आपटून बाजूला उडाला की विचार न करता तोंड टाकतो. अडकायची भीती वाटते खरी, पण स्क्वेअरबिलची जीभ आधी आदळते आणि गळ बऱ्याचदा मागे सुरक्षित राहतात. फांदी लागली की ओढणं थांबवा, तो तरंगून सुटतो.

दुसरी गोष्ट वेग. बास थंड रक्ताचा. पाणी ५० अंश फॅरनहाइटच्या आसपास असताना तो पाठलाग करत नाही, नाकासमोर आलेलंच घेतो. तेव्हा जर्कबेट लागतो, आणि त्यात सगळी करामत थांबण्यात आहे. दोन झटके, मग पाच सेकंद काहीही नाही. ठोका, म्हणजे माशाने तोंड मारल्याचा धक्का, पडला नाही तर दहा सेकंद. ४५ अंशांत पंधरा-वीस सेकंदसुद्धा थांबावं लागतं. थांबताना ल्यूर जागच्या जागी तरंगत राहायला हवा. थंड पाण्यात काही जर्कबेट हळूहळू वर येतात, त्यांच्या पोटावर शिशाची चिकटणारी टिकली लावून तोल साधतात. झटका ढिल्या दोरीवर द्यायचा. दोरी ताणून दिलात तर ल्यूर नुसता पुढे सरकतो, नाक इकडेतिकडे फिरवत नाही.

पाणी ५०-५५ वर आलं की टेक्ससमध्ये लाल लिपलेसचे दिवस सुरू होतात. फेब्रुवारीत जिथे पाण्याखालचं गवत अजून काठापासून आत शिल्लक आहे, तिथे तो गवतात बुडवायचा, अडकू द्यायचा आणि मनगटाने झटकून सोडवायचा. ठोका बहुतेक वेळा गवतातून सुटल्या क्षणी पडतो. ६० ते ७० अंशांत बास काठाला येऊन घरटी करतो. तुमचे मार्च-एप्रिलचे मासे त्याच काळातले. त्या दिवसांत तीन फूट खोलीत जवळजवळ काहीही चालतं, आणि त्यामुळे चुकीची खात्री पटते की अमुक ल्यूर ‘चालतो’. टेक्ससचा विक्रमी बास, १८.१८ पाऊंडांचा, जानेवारी १९९२ मध्ये लेक फोर्कवर निघाला आणि तो लागला क्रॅपी नावाच्या छोट्या माशासाठी लावलेल्या जिवंत बारक्या मासळीला. ल्यूरच्या जाहिराती वाचताना एवढं आठवत असावं.

आता जुलै. तळं आणि मोठा जलाशय वेगळे धरावे लागतात.

तळ्यात खोली फारशी नसते, म्हणून बास सावली आणि प्राणवायू शोधतो. उजाडायच्या आधी अर्धा तास आणि उगवल्यानंतर एखादा तास, एवढाच पॉपरचा वेळ. पॉपर टाकला की पाण्यावरची वर्तुळं विरेपर्यंत हलवू नका. मग एक ‘चुबुक’, पुन्हा थांबा. ऊन वर आलं की पॉपर ठेवून द्या. मग बघायच्या जागा म्हणजे धक्क्याची सावली, पावसाचं पाणी येणारा पाइप, कारंज्याच्या किंवा एरेटरच्या फेसाची कड, काठावरच्या झाडाखालचा अंधार. गवत खूप झालेल्या तळ्यात रात्रभर वनस्पतीही प्राणवायू वापरतात, त्यामुळे पहाटे तो सगळ्यात कमी असतो. मासे पृष्ठभागावर तोंड उघडून श्वास घेताना दिसले तर त्या दिवशी गळ टाकूच नये.

काठावरून गरवणाऱ्यांची नेहमीची खोड म्हणजे आल्याआल्या पाण्याच्या कडेला उभं राहून तळ्याच्या मध्यावर फेकणं. तोवर पायाशी असलेला मासा पळालेला असतो. पावलांची थरथर त्याला अंगावरच्या पार्श्वरेषेने कळते. पाच-सहा पावलं मागे उभे राहा आणि आधी दोन्ही बाजूंना काठाला समांतर फेका. अशा फेकीत ल्यूर पूर्ण वेळ माशाच्या खोलीत राहतो, तर मध्यावरून आणलेला शेवटच्या दहा फुटांतच कामाचा.

तळ्यावरच्या जुलैसाठी एकच गोष्ट निवडायची झाली तर बिनवजनाचा वॅकी रिग. पाच इंची जाड सरळ स्टिक वर्म घ्या, त्याच्या मध्यावर ओ-रिंग चढवा, रिंगखालून १/० चा गळ घाला. बाकी काही नाही. या वर्ममध्ये मीठ भरपूर असतं, त्या वजनानेच तो आडवा बुडतो आणि दोन्ही टोकं थरथरतात. सावलीत टाका, दोरी ढिली सोडा, तळाला जाऊ द्या, रॉडचं टोक फूटभर उचला, पुन्हा पडू द्या. ठोका हाताला क्वचितच कळतो. दोरी पाण्यात जिथे शिरते तिथे नजर ठेवा: ती पडता पडता मध्येच थांबली, टचकन उडाली किंवा बाजूला चालू लागली की मासा आहे. ढील गुंडाळा आणि रॉड बाजूला भक्कम ओढा. वाट बघत बसलात तर बास तो गिळतो आणि गळ घशात जातो. ओ-रिंग न लावता सरळ वर्ममध्ये गळ टोचला तर दर दुसऱ्या फेकीला वर्म तुटून पडेल.

गवत असेल तर टेक्सस रिग. हा नीट लावता आला की बाकी निम्मं काम होतं, म्हणून सावकाश सांगतो. सहा-सात इंची वर्म, ३/० किंवा ४/० चा ऑफसेट (वरच्या बाजूला खाच असलेला) गळ, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं पाव औंस म्हणजे सात ग्रॅमचं वजन. आधी वजन दोरीत ओवा, निमुळती बाजू रॉडकडे. मग गळ पालोमार गाठीने बांधा. गाठ आवळण्याआधी ओली करा, कारण फ्लुरोकार्बन दोरी घर्षणाने तापते आणि तिथेच तुटते. गळाचं टोक वर्मच्या डोक्यात मधोमध पाव इंच घालून बाजूने काढा. वर्म सरकवत डोकं गळाच्या वरच्या खाचेत बसवा आणि गळ अर्धा फिरवा. आता वर्म गळाशेजारी सरळ लोंबू द्या. गळाचा वाकडा भाग जिथे येतो तिथे नखाने खूण करा आणि बरोब्बर तिथून टोक आरपार घाला. पलीकडे आलेलं टोक रबराच्या पातळ सालीखाली लपवा.

लावून झालं की वर्म उभा धरून बघा. तो रेषेसारखा सरळ असायला हवा. जराशी कमान राहिली तरी ओढताना तो स्वतःभोवती फिरतो, दोरीला पीळ पडतो आणि संध्याकाळपर्यंत रीलवर गुंता होतो. पुन्हा लावायला अर्धं मिनिट लागतं, कंटाळा करू नका.

वजन किती? तळ जाणवेल इतकं, त्याहून जास्त नको. पाच फुटांच्या आत, वारा नसताना १/८ औंस. दहा-बारा फुटांपर्यंत पाव औंस. वारा किंवा त्याहून खोल पाणी असेल तर ३/८. जितकं हलकं तितका वर्म सावकाश पडतो, आणि बहुतेक ठोके पडतानाच येतात. गवतात वजन वर्मपासून सुटून पुढे जातं आणि वर्म मागे काडीला लटकतो, म्हणून तिथे वजनाच्या वर रबरी स्टॉपर लावून दोन्ही जोडून ठेवा. मोकळ्या पाण्यात स्टॉपर नको. ‘टक-टक-टक’ अशी बारीक चुळबुळ ब्लूगिल या छोट्या माशाची असते, तो शेपूट कुरतडतो. एक घट्ट ठोका किंवा अचानक जड झालेली दोरी बासची. तेव्हा रॉड खाली करत ढील गुंडाळायची आणि मग जोरात वर. इथे जोर हवाच, कारण गळाला आधी रबर फाडायचं असतं.

पृष्ठभागावर गवताचं जाड छप्पर असेल तर पोकळ बेडूक. ५० पाऊंडची ब्रेडेड (विणलेली) दोरी आणि ताठ रॉड नसेल तर याच्या वाटेला जाऊ नका, मासा लागला तरी गवतातून बाहेर येणार नाही. महाराष्ट्रात मरळीसाठी बेडूक वापरणाऱ्यांना यातली मुख्य अडचण ठाऊक असते: पाणी उसळतं, हात आपोआप झटका देतो आणि बेडूक रिकामा उडून येतो. उसळी दिसली की थांबा, दोरीला वजन जाणवू द्या, मग झटका. तरीही मासे सुटत असतील तर दोन्ही गळांची टोकं पक्कडीने किंचित बाहेर वाकवा आणि बेडकाच्या पोटात साठलेलं पाणी दर काही फेकींनंतर पिळून काढा.

रे रॉबर्ट्सवर गणित वेगळं. उन्हाळ्यात खोल जलाशयाचे थर पडतात: वर कोमट, खाली गार, आणि मध्ये एक पट्टा जिथे तापमान झपकन उतरतं. त्या पट्ट्याखाली प्राणवायू फारच कमी असतो, तिथे कितीही सुंदर ल्यूर टाकला तरी घेणारं कोणी नाही. सोनारची (ध्वनीने तळ आणि मासे दाखवणारं यंत्र) संवेदनशीलता वाढवली की हा पट्टा धुरकट आडव्या रेषेसारखा दिसतो. तो अठरा फुटांवर दिसला तर तुमचा शोध आठ ते अठरा फुटांत. बघायच्या जागा: पाण्यात शिरलेल्या जमिनीच्या टोकाचा उतार, जुन्या ओढ्याच्या पात्राचं वळण, बुडालेली झाडं, धरणाच्या भिंतीचं दगडी पिचिंग. वारा ज्या काठावर आदळतो तो काठ आधी. बारीक शॅड मासळी तिकडेच ढकलली जाते.

अशा उतारावर आधी खोल क्रँकबेटने शोध घ्या, मग कॅरोलायना रिगने सावकाश पुसून काढा. पाऊण औंसाचं वजन, मणी, स्विव्हल (फिरती कडी), तीन फुटांची पुढची दोरी, बिनवजनाचा वर्म. फेका, तळाला जाऊ द्या, रॉड बाजूला फिरवत ओढा. खडी असेल तर हाताला खरखर येते, गाळात मऊ ओढ लागते. खरखर संपून मऊ लागतं ती कड लक्षात ठेवा, मासा तिथे असतो. सोनारवर मासे तळापासून फूटभर वर दिसत असतील तर ड्रॉप शॉट: वजन शेवटी, गळ त्याच्या वर फूट-दीड फुटावर, ल्यूर जवळजवळ न हलवता धरून ठेवायचा. या जलाशयात झेब्रा शिंपले आहेत. दगडांना आणि खोडांना चिकटलेल्या त्यांच्या कडा पात्यासारख्या असतात. दर अर्ध्या तासाने दोरीचे शेवटचे तीन-चार फूट बोटांत फिरवून बघा, खरबरीत लागली की कापून पुन्हा बांधा.

आता कुठे रंगाची पाळी. पांढरा ल्यूर पाण्यात सोडा. फूटभरात दिसेनासा झाला तर पाणी गढूळ: काळा-निळा वर्म, पिवळट हिरवा स्पिनरबेट, आणि त्याला गोल कोलोरॅडो पातं, कारण ते पाणी जास्त ढवळतं. चार-पाच फुटांवरही दिसतो तेव्हा ग्रीन पंपकिन, वॉटरमेलन किंवा शॅडसारखा चंदेरी, आणि स्पिनरबेटला लांबट विलो पातं. एवढ्यावर वर्षाचे नव्वद टक्के दिवस निभावतात असं माझं मत आहे. उरलेल्या दिवशी मासाच सांगतो: गळ तोंडात आत खोल असेल तर काही बदलू नका. मागच्या गळाला ओठाने जेमतेम लटकत असेल तर त्याला ल्यूर पटलेला नाही; वेग बदला, एक आकार लहान घ्या, आणि तरीही तेच होत असेल तेव्हा रंग.

दोरीचं थोडक्यात. फ्लुरोकार्बन बुडते, म्हणून वर्म, जिग, क्रँकबेटला चांगली आणि पॉपरला वाईट, त्याचं नाक खाली ओढते. पॉपरला मोनो, म्हणजे आपला तंगूस. स्पिनिंग रीलवर १० ते १५ पाऊंडची ब्रेडेड दोरी आणि पुढे सहा-आठ फूट फ्लुरोकार्बन ८ किंवा १० पाऊंडची, यावर वॅकी, नेड आणि ड्रॉप शॉट तिन्ही होतात. क्रँकबेटचे मासे उडी मारून सुटत असतील तर ल्यूरला दोष देऊ नका. ताठ रॉड आणि न ताणणारी ब्रेडेड दोरी यांमुळे बारीक तिहेरी गळ तोंडातून उपटले जातात. मऊ वाकणारा रॉड घ्या, झटका न देता नुसतं गुंडाळत राहा. क्रँकबेट एका बाजूला पळत असेल तर त्याचं तोंड स्वतःकडे करून धरा आणि दोरी बांधायची कडी पळण्याच्या उलट दिशेला केसभर वाकवा. केसभरच, जास्त वाकली की तो उलटा पडतो.

नेड रिगसाठी ताणणाऱ्या, तरंगणाऱ्या रबराचे तुकडे मिळतात, ते बाकीच्या वर्मबरोबर एका कप्प्यात ठेवू नका. दोन्ही वितळून चिकट लगदा होतो. त्यांना मूळ पाकिटातच राहू द्या.

उन्हाळ्यात मासा सोडायचा असेल तर हात ओले करून धरा, मोठ्याला जबड्याला आडवा लटकवू नका, पोटाखाली दुसरा हात द्या, फोटो पटकन. खायचा असेल तर टेक्ससचा सर्वसाधारण नियम किमान १४ इंच आणि दिवसाला पाच. लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांच्या मधला ठेवताच येत नाही, २४ किंवा त्याहून मोठा एकच. दुसऱ्या कुठल्या पाण्यावर गेलात तर तिथला नियम आधी बघा. वस्तीतलं तळं खासगी असेल तर परवानगीही. कयाकमध्ये प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट हवं, तेरा वर्षांखालच्या मुलाच्या अंगात घातलेलंच. रे रॉबर्ट्सवरून निघताना कयाकमधलं पाणी तिथेच पूर्ण काढून टाका, शिंपले पसरू नयेत म्हणून ते कायद्याने बंधनकारक आहे. सतरा वर्षं पूर्ण झालेल्यांना लायसन्स लागतं. फक्त स्टेट पार्कच्या आत काठावरून गरवायला लागत नाही. नेहमीचं लायसन्स कधीही काढलं तरी ३१ ऑगस्टला संपतं, तेव्हा जुलैत काढणार असाल तर खरेदीच्या दिवसापासून वर्षभर चालणारं मागून घ्या.